घर घट्ट, बाग सैल: नागपूरच्या अंगणात सरडे, बेडूक आणि इतर वन्यजीवांसाठी जागा कशी करावी

नव्याने बाग लावणारे लोक साधारण दोन गोष्टी विचारतात. पक्षी, फुलपाखरं, खारी याव्यात म्हणून काय लावायचं, आणि साप येऊ नये म्हणून काय टाकायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच देऊन टाकते: टाकण्यासारखं काही नाही. फिनाईल, चुना, गंधक, कार्बोलिक अ‍ॅसिड यांनी साप थांबत नाही. बेडूक मात्र मरतो, कारण तो कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही कातडीतूनच शोषतो. ज्या अंगणात बेडूक, सरडे, सापसुरळ्या नांदतात तिथं कधीमधी धामणही फिरकणार. हे मनाला पटत असेल तर पुढची कामं सोपी आहेत.

सगळ्या कामांमागे एकच हिशेब ठेवायचा. घर घट्ट असावं, बाग सैल असावी. घराच्या भिंतीला लागून पाच-सहा फुटांचा पट्टा स्वच्छ, उघडा, नजरेत राहणारा. आणि कंपाउंडचा एक लांबचा कोपरा असा, जिथं झाडू, खराटा, कोयता काहीच चालणार नाही. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं. भिंतीला टेकवून फरशा, पाइप, रिकाम्या कुंड्या, जुनी दारं रचलेली, आणि बाग मात्र पेवर ब्लॉक लावून चकाचक. मग साप येतो तो थेट स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कारण अख्ख्या प्लॉटवर लपायला तीच एक जागा उरलेली असते.

आधी घर

बागेला हात लावण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा. दाराखाली बोट जाईल एवढी फट असेल तर रबरी पट्टी लावून घ्या. बाथरूमच्या आणि मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. कूलरचा पाइप खिडकीतून आत येतो तिथली पोकळी बुजवा. खिडकीला टेकलेली मधुमालतीची किंवा बोगनवेलीची फांदी हातभर मागे छाटा. भिंतीला लागून रचलेलं लाकूड उचला. सापाचं सोडा, त्या लाकडाला लागलेली उधळी (वाळवी) पुढे दाराच्या चौकटीत शिरते.

दुसरं काम उंदरांचं. साप घरात येतो तो उंदराच्या वासावर. कबुतरांना टाकलेली ज्वारी, कुत्र्याच्या ताटलीत रात्रभर राहिलेलं अन्न, उघड्या पोत्यातलं धान्य, उरलेली पोळी-भाजी टाकलेला उघडा खतखड्डा या चार गोष्टी बंद केल्या की अर्धी भीती तिथंच संपते. खत करायचं असेल तर शिजलेलं अन्न त्यात टाकू नका. पालापाचोळा, भाजीची देठं, संत्र्याची सालं एवढंच.

हे झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगते. बागेतल्या वन्यजीवांवर नंतर जो राग निघतो तो बहुतेक वेळा घराच्या एखाद्या फटीमुळे निघतो.

कोपरा कुठला सोडायचा

घरापासून जितका लांब जमेल तितका. पंधरा-वीस फूट मिळाले तर उत्तम. लहान प्लॉट असेल तर निदान जिथून तुमची रोजची ये-जा नाही, मुलं खेळत नाहीत, तो कोपरा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर सोन्याहून पिवळं. सरपटणारे प्राणी अंग तापवायला उन्हात येतात, पण नागपूरचं दुपारचं ऊन त्यांनाही सोसत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या दिवसांत उघड्या फरशीवर अडकलेली सापसुरळी सावली गाठण्याआधीच मरू शकते.

कोपऱ्यात तीन थर करा. खाली दगड. पाया खोदताना निघालेला काळा दगड, फुटलेल्या विटा, मंगलोरी कौलांचे तुकडे, जे असेल ते. सिमेंट लावायचं नाही. दगड असे ठेवा की मधे बोट-दोन बोटं जागा राहील आणि एखादा दगड वरून सपाट असेल, सकाळी ऊन खायला. त्याला लागून लाकडाचे ओंडके: छाटलेल्या कडुलिंबाच्या, बाभळीच्या जाड फांद्या, अर्ध्या मातीत पुरून. त्या कुजायला लागल्या की त्यांत किडे होतात, आणि किडे झाले की बाकी सगळे आपोआप येतात. तिसरा थर पाल्याचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंब अंगणभर पानं टाकतो. ती जाळू नका आणि घंटागाडीतही देऊ नका, याच कोपऱ्यात ढीग करा. पाऊस पडला की त्याखाली गांडुळं, गोगलगायी, वाणी येतील.

एक फुटकी कुंडी उपडी ठेवा, फुटलेली बाजू जमिनीला लागून. ओलसर सावलीत ठेवली तर भेक तिथं मुक्काम करतो. भेक म्हणजे तो खरखरीत अंगाचा, मंद चालीचा बेडूक, जो रात्री झुरळं आणि मुंग्या टिपत फिरतो. त्याला हात लावल्याने चामखीळ होत नाही. त्याच्या कानामागच्या गाठींतून चीक निघतो, म्हणून कुत्र्याला त्याच्यापासून लांब ठेवा, आणि चुकून हात लागला तर डोळे न चोळता हात धुवा.

कंपाउंडची भिंत घट्ट बांधलेली असेल तर मागच्या बाजूला जमिनीलगत चार-पाच इंचांचं एक भोक ठेवा. पावसाचं पाणी जायला बहुतेक ठिकाणी असतंच. त्यावर जाळी ठोकू नका. भेक, सापसुरळी, मुंगसाचं पिल्लू, सगळे तिथूनच येतात-जातात. भोक नसेल तर बाग कितीही छान केली तरी ती बंद डबीच राहते.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरका. जूनच्या मध्याला पाऊस सुरू झाला की प्राण्यांची हालचाल वाढते, बिळांत पाणी शिरतं आणि नव्या जागा शोधल्या जातात. त्या वेळी दगड उचलून रचत बसणं प्राण्यांसाठीही वाईट आणि तुमच्या हातांसाठीही.

पाणी

विदर्भात बागेतली सगळ्यात मोठी देणगी पाण्याची. झाडं नसली तरी चालेल, पण मार्च ते जून जमिनीलगत पाणी हवं. पक्ष्यांसाठी आपण परळ उंच टांगतो. सापसुरळी, भेक, मुंगूस यांना ते मिळत नाही. एक मातीचं पसरट परळ जमिनीवर, झाडाच्या सावलीत ठेवा. त्यात एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे मधमाश्या आणि लहान सरडे बुडणार नाहीत. दर दोन दिवसांनी पाणी झाडाला ओतून परळ घासा.

छोटं तळं करायचं असेल तर विकत काही आणू नका. कूलरचा जुना टब नागपुरात जवळजवळ प्रत्येक गच्चीवर पडलेला असतो. लोखंडी असेल तर गंजलेल्या कडा ठोकून बोथट करा, तळाची भोकं बुजवा आणि काठ जमिनीच्या पातळीला येईल असा पुरा. एका बाजूला दगडांचा उतार तळापासून काठापर्यंत करा. हा उतार नसेल तर तळं म्हणजे सापळा. आत पडलेला प्राणी गुळगुळीत पत्र्यावरून वर येऊ शकत नाही. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग भरा, क्लोरीन उडून जातं. काठाला वाळा लावा. आपल्याकडे कूलरच्या ताट्यांना जो सुगंध असतो तेच हे गवत. त्याच्या दाट जुड्यांत बेडकांना सावली मिळते आणि मुळं माती धरून ठेवतात. जलपर्णी मात्र चुकूनही नको.

डासांचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि डेंग्यू असलेल्या शहरात तो टाळता येत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. आठवड्यातून एकदा टबात बघायचं. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर चहाच्या गाळणीने काढायच्या; खूप असतील तर पाणी कुंड्यांना ओतून टब पुन्हा भरायचा, मात्र त्यात बेडकाची अंडी किंवा भैरोळी (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) नाहीत हे पाहून. तळं जुनं होत गेलं की चतुराच्या अळ्या येतात आणि त्या डासांच्या अळ्या खातात, तरी आठवड्याची नजर सोडायची नाही. गप्पी मासे सोडावे असं बरेच जण सुचवतात. ते डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण मूळचे दक्षिण अमेरिकेचे हे मासे बेडकाची लहान भैरोळीही सोडत नाहीत. बेडूक हवे असतील तर मासे नकोत. आणि दर आठवड्याला तळ्याकडे बघणं जमणार नसेल तर तळं करूच नका, जमिनीवरचं परळ पुरे.

उघडी विहीर किंवा सिमेंटचा हौद असेल तर त्यात एक जाड दोर किंवा काठी तिरपी सोडून ठेवा. बुडून मरणाऱ्या सापसुरळ्या, खारी, घोरपडीची पिल्लं एवढ्या एका काठीने वाचतात.

काय लावायचं

इथं मी फार लांबवत नाही. दाट, बुटकी, मुळापासून फुटणारी झुडपं हवीत. कढीपत्ता, लिंबू, संत्रा यांवर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालतं. त्याच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. चार पानं खाल्ली तरी झाड मरत नाही, फवारू नका. कंपाउंडबाहेर उगवलेली रुई उपटू नका, तिच्यावर केशरी-काळ्या फुलपाखराची वस्ती असते. सीताफळ, जास्वंद, अडुळसा, मेंदीचं कुंपण, सगळं चालतं. मोठ्या जागेत उंबर लावला तर पुढच्या पिढीला राखी धनेश घरबसल्या दिसेल. महाराजबाग आणि सिव्हिल लाइन्समधले धनेश वड-पिंपळ-उंबरांच्या फळांवर आणि जुन्या झाडांच्या ढोल्यांवर टिकून आहेत. म्हणूनच जुन्या कडुलिंबाची पोकळ फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल तर तशीच राहू द्या. पिंगळ्याची जोडी अशाच ढोलीत असते.

लॉन मात्र नको. त्याला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही आणि त्यात कोणी राहत नाही.

सरडा, जवळून

बागेतला सरडा सगळ्यांना माहीत असतो आणि तरी त्याच्याइतका दगडांचा मार खाणारा प्राणी दुसरा नसेल. नराचा गळा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात लालभडक होतो, तो माद्यांना आणि दुसऱ्या नरांना दाखवण्यासाठी. रक्त पितो, नजर लावतो असं सांगून मुलं त्याला मारतात. या सरड्याला विष नाही. दिवसभर तो टोळ, मुंग्या, सुरवंट टिपतो.

पावसाळ्यात कधी मादी अंडी घालताना दिसली तर थांबून बघा. भिजलेली, मऊ माती ती निवडते, बऱ्याचदा वाफ्याच्या कडेला. पुढच्या पायांनी माती ओढते, मागच्या पायांनी ती लांब सारते, मधेच थांबून मान वळवून चौफेर पाहते. खड्डा अंगाएवढा झाला की मागचा भाग त्यात सोडून एकामागून एक पांढरी, लांबट अंडी घालते. मग माती लोटते आणि डोक्याने, थुतरीने ती ठोकून ठोकून बसवते. अंग चिखलाने माखलेलं, डोळे अर्धे मिटलेले, आणि ठोकणं चालूच. नंतर तिथं खड्डा होता हे तुम्हाला ओळखूही येत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांत काडीएवढी पिल्लं बाहेर येतात. त्या जागी एक खूणकाठी रोवा आणि तोवर तिथं खुरपं चालवू नका. माळी येत असेल तर त्यालाही दाखवून ठेवा.

सापसुरळीबद्दलही हेच. तांबूस, तुकतुकीत अंगाची, सापाची मावशी म्हणून लोक तिला घाबरतात. बिनविषारी आहे. धरायला गेलात तर शेपूट तोडून पळते. ती पुन्हा येते, पण त्यात साठवलेली चरबी जाते, म्हणून धरायचंच नाही. पालही विषारी नसते. अन्न झाकून ठेवायचं ते स्वच्छतेसाठी, तिला मारायचं कारण नाही.

काय बंद करायचं

उंदराचं विष. ते खाऊन सुस्तावलेला उंदीर पिंगळा किंवा धामण खाते आणि विष पुढे जातं. चिकट पुठ्ठ्याचे सापळे त्याहून वाईट. त्यांवर पाली, सापसुरळ्या, लहान साप चिकटून दिवस-दिवस तडफडतात. उंदीर धरायचा असेल तर जुना पिंजराच बरा. चिकटलेला साप दिसला तर स्वतः ओढू नका, मदत बोलवा.

नायलॉनची जाळी. भाजीच्या वाफ्यावर किंवा फळझाडाखाली सैल पडलेल्या जाळीत धामण शिरते; खवले एका दिशेने असल्यामुळे तिला मागे येता येत नाही आणि पुढे जावं तर दोरा अंगात रुततो. जाळी लावलीच तर ताणून, जमिनीपासून वीतभर वर.

कीटकनाशकं तर नकोच, हे वेगळं सांगायला नको. रात्रभर जळणारा बाहेरचा एलईडीही बंद करा. येण्याजाण्याच्या वाटेपुरता ठेवा. आणि मांजर. पाळलेलं मांजर पोट भरलेलं असलं तरी सरडे मारतं. मांजर असेल तर सकाळी ऊन चढेपर्यंत ते घरात ठेवा, सरडे तेव्हा उन्हात सुस्त बसलेले असतात.

तारा कासव किंवा इतर कासव पाळायला आणून तळ्यात सोडू नका. देशी कासवं पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानांत मिळणारं लाल कानाचं कासव अमेरिकेतलं. ते मोठं झालं की लोक फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडतात आणि तिथल्या देशी जीवांचं अन्न आणि जागा जाते.

साप आला तर

बागेत येणाऱ्यांत धामण, पाणदिवड, नानेटी, तस्कर, कवड्या, कुकरी हे सगळे बिनविषारी. महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरची शिट्टी झाल्यासारखी फुत्कारते. कवड्या आणि मण्यार यांत लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पट्टे मानेपासून थोडे मागे सुरू होतात, बहुधा जोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. ही ओळख मनाच्या समाधानासाठी. तिच्या भरवशावर कुठलाही साप हातात धरायचा नाही, पिल्लूसुद्धा नाही.

साप अंगणात असेल तर दहा-पंधरा फूट लांब उभं राहा, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, त्याला जाऊ द्या. बहुतेक वेळा काही मिनिटांत तो निघून जातो. घरात शिरला तर त्या खोलीचं आतलं दार लावा, दाराखाली टॉवेल कोंबा, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. जखमी प्राण्यासाठी सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. नागपंचमीला कोणी टोपलीत नाग घेऊन दारात आला तर दूध देऊ नका, पैसेही नको. साप दूध पचवू शकत नाही, आणि त्या नागाचे दात बहुधा तोडलेले, तोंड शिवलेलं असतं. तिथंही १९२६ च.

रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि बंद चपला, बूट घालण्याआधी झटकणं, पावसाळ्यात जमिनीवर न झोपणं. झोपावं लागलंच तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. हे नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं असं काही झालं तर दंशाची खूण शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

दंश झालाच तर माणसाला आडवं करा, अंगठी-बांगड्या-घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, चोखणं, झाडपाला लावणं, मांत्रिकाकडे नेणं यांत जीव जातो. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो किंवा एम्स, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविषाचं औषध या चारही सापांवर चालतं.

शेजारी आणि फ्लॅटवाले

तुमचा पाल्याचा ढीग शेजारच्या काकूंना कचराच वाटणार. त्या भिंतीवरून विचारतीलच, "ताई, हे उचलायला कोणी येत नाही का?" चिडू नका. त्यांना बोलवा, कुंडी उचलून भेक दाखवा, घराकडची बाजू किती स्वच्छ ठेवली आहे ते दाखवा, आणि हेल्पलाइनचा नंबर त्यांच्याही फोनमध्ये टाकून द्या. साप दिसला तर काठी शोधण्याआधी मला हाक मारा, एवढं कबूल करून घ्या. ढीग त्यांच्या भिंतीला लागून असेल तर दोन हात सरकवा. तेवढा मान ठेवायलाच हवा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर दगडांचा कोपरा जमणार नाही आणि गरजही नाही. गॅलरीत एका मोठ्या कुंडीत कढीपत्ता, दुसरीत पानफुटी, सावलीत पाण्याचं परळ, रोज धुतलेलं. पानफुटीच्या पानावर एक छोटं काळं-लाल-पांढरं फुलपाखरू अंडी घालतं आणि अळी पानाच्या आत शिरून ते पोखरते. पान पारदर्शक, फुगलेलं दिसायला लागलं की रोग पडला समजून तोडू नका. सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात खराटा कधी आणि कुठवर फिरवायचा हे सचिवांशी बोलून ठरवता आलं, तर पावसाळ्याआधी बोलून घ्या.